वाढली म्हणावं

रात्रपाळी सुटली की झोपायचं, हा नियम मोडून
आज मत्रहचा चढ चढले.
तिकीट दोन रियाल.
तेवढ्यात रुवीत चार दिवसांची भाजी येते.
पण जिन्सी म्हणाली होती, काचेची शिल्पं आहेत,
बघ नाहीतर बघू नको, एसी छान आहे.

आत काचेचं जाळं टांगलेलं,
त्यात काचेचे मासे, एक अर्धा निसटलेला.
खजुराचा घड. एक पखाल,
पाण्याचा थेंब नाही तरी ओलीच दिसणारी.
पहारेकरी शंबे बलोच आपण होऊन मागं आला.
म्हणाला, ही वाळू इथली नाही हं, बोटीनं आली.
मी म्हटलं, मग तिचाही व्हिसा असेल.
तो हसला नाही. त्याला खरंच वाटलं असावं.

शेवटच्या खोलीत
कोपरापासून खालचे दोन हात.
काचेचे. भुंडे.

माझेही असेच, अकरा वर्षं.
वॉर्डात कोपराखाली काही चालत नाही,
घड्याळ नाही, अंगठी नाही, बांगडी तर नाहीच.
आई व्हिडिओवर आधी मनगट बघते
मग तोंड.

मी कासाराची पोर.
कमळाभवानीच्या जत्रेत अण्णा खांद्यावरचा मलार उतरवायचे,
बाईच्या अंगठ्याचं मूळ हळूहळू दाबत म्हणायचे,
हात सैल सोड माय, माहेरचं काही सांग.
ती सांगत असायची
आणि बांगडी हाडावरून केव्हाच पलीकडं.
शीर सापडत नाही तेव्हा मी तेच करते.
परवा नखलच्या एका आजीला विचारलं,
यंदा खजूर कसा उतरला?
माझ्या मोडक्या अरबीला ती हसेपर्यंत
सुई आत.

शंबेनं डाव्या काचेच्या हातावर टॉर्च धरला.
तळव्यापासून करंगळीपर्यंत
केसाएवढी रेघ.
ऑगस्टात तीन तास वीज गेली, तो सांगू लागला,
परत आली, गार वारा सुटला, आणि टच्च.
खोलीत तो एकटाच होता.
"टूटा नहीं मॅडम, सिर्फ चटका है."
असं म्हणाला की जणू त्याच्याच हातून झालं.

मी म्हटलं, आमच्यात काच फुटली म्हणत नाहीत,
वाढली म्हणतात.
बढ़ गई.
त्यानं शब्द जिभेवर फिरवला, बलोचीतही घालून पाहिला.
मग रेघेवर पुन्हा टॉर्च मारत विचारलं,
"बढ़ा किधर?"

मला उत्तर आलं नाही.

अण्णा गेले तेव्हा रजा मिळाली नव्हती.
फोन कानाला धरून औषधांच्या कपाटामागं उभी होते,
तिकडं बायकांचा गलका,
आणि मी वाट बघत होते त्या एका आवाजाची.
तो आलाच नाही.
आईचा आला:
दुकान कोण चालवणार, तुम्ही?
भुंड्या हातांच्या कासारणीकडं
कोण भरंल बांगड्या?
चौदाव्या दिवशी तिनं कुलूप काढलं,
हिरव्या डझनभर जिथल्या तिथं.
गावात चार दिवस कुजबुज झाली.
पाचव्या दिवशी लग्नाचं गिऱ्हाईक आलं.

शंबेला यातलं काही सांगितलं नाही.
खाली उतरले. ऊन असं
की समुद्रसुद्धा बघवेना.
टॅक्सीत डोळे मिटले तर
काल रात्रीच्या अँप्यूल आठवल्या.
अंगठा मानेवर ठेवायचा, मागं दाबायचं,
टक्.
चौतीस तरी असतील.
कासाराच्या घरची मी
आणि एकदाही तोंडातून तो शब्द गेला नाही.

आज रात्री म्हणून बघेन, प्रत्येकीला.
हळूच.
जिन्सी विचारेल, काय पुटपुटतेस.
सांगेन, मोजतेय.